माळ्यावर लपलेला मुलगा

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास गोष्टीचा असायचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं हा तास माझ्याकडे होता. आठवीच्या वर्गाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवायची, एका शनिवारी एक रात्र. साने गुरुजींनी प्रकरणांना रात्रीच म्हटलं आहे आणि त्या ४२ आहेत. पावसानं बंद पडलेली शाळा, शिमग्याची सुट्टी, परीक्षा असं सगळं वजा केलं की त्या एका वर्षात कधीच पुऱ्या होत नसत. म्हणून काही रात्री गाळाव्या लागत. कुठल्या गाळायच्या ते मी ठरवत असे.

पहिली काही वर्षं मी एक रात्र न चुकता गाळली. तिचं नाव ‘मोठा होण्यासाठी चोरी’. वेळ नाही हे कारण मी स्वतःला सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. वर्गातून अधूनमधून पेन जात, कुणाच्या डब्यातला लाडू जात असे. ज्या श्यामला आपण आदर्श म्हणून पुढे ठेवतो, तोच पैसे चोरतो हे ऐकून मुलांनी काय घ्यायचं, अशी मला भीती वाटत होती.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं मला पकडलं. तो अभ्यासात यथातथाच होता, भात लावणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस शाळेत येत नसे. पण वाचनालयातली प्रत त्यानं घरी नेऊन पुरी वाचली होती. तास संपल्यावर तो टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, “बाई, एक रात्र राहिली.”

“कुठली रे?”

“चोरीची.”

पुढच्या शनिवारी मी ती रात्र वाचली. वर्ग इतका शांत झाला की बाहेर कौलांवरून ओघळणारं पाणी ऐकू येत होतं. वाचून झाल्यावर त्याच मुलानं विचारलं, “बाई, कुणाला कळलं नसतं. मग त्यान् लिवलान कशाला?”

मला उत्तर आलं नाही. पाठ्यपुस्तकी काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर निवृत्तीपर्यंत आला आणि त्याच्यामागून जाताना मराठी मुलांच्या वाचनाचा बराच इतिहास माझ्या हाती लागला. तो इथे सांगते आहे.

श्यामच्या आधी मराठी मुलं काय वाचत होती? छापील नियतकालिकांपुरतं बोलायचं तर १८७३ मध्ये अमेरिकन मिशननं ‘बालबोधमेवा’ सुरू केला. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक काढलं आणि ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकहाती चालवलं. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ निघाला. या माणसांचे उपकार मोठे आहेत. मुलांना कळेल अशी सोपी, स्वच्छ मराठी गद्यात रुळवली ती त्यांनी. ओकांचं वाक्य आजही वाचताना कुठे अडखळायला होत नाही. पण त्यांच्या पानांत जो मुलगा भेटतो तो बहुधा एकाच गुणाचा असतो. कुणी सत्यवचनी, कुणी उद्योगी, कुणी मातृभक्त. थोर माणसांची चरित्रं असतात आणि त्या थोर माणसांचं बालपणही थोरच असतं. घरी आजीच्या तोंडून येणारे ध्रुव, प्रल्हाद, श्रावणबाळ हेही असेच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न बदलणारे. दुसऱ्या बाजूला खोडकर मुलगा असे, पण तो फजिती होण्यासाठी. चांगला मुलगा वेगळा आणि वाईट मुलगा वेगळा, अशी दोन बाकं होती. एकाच मुलानं दोन्ही बाकांवर बसायची सोय नव्हती.

ती सोय नाशिकच्या तुरुंगात झाली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. या सहा वर्षांकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही असं मला वाटतं. छात्रालयातली मुलं तेरा ते अठरा वर्षांची. त्यांची अंथरुणं आवरणं, कपडे धुणं, आजारपणात उशाशी बसणं हे गुरुजी करत. शिवाय त्यांच्यासाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. ज्यानं या वयाची मुलं दिवसरात्र जवळून पाहिली आहेत, त्याला एक गोष्ट कळतेच. सकाळी मित्राच्या जखमेवर पट्टी बांधणारा मुलगा संध्याकाळी त्याच मित्राची वही फाडतो आणि दोन्ही वेळा तो खराच असतो. मी ३१ वर्षं हेच पाहिलं. वसतिगृहाचा गृहपती झाल्याशिवाय ‘श्यामची आई’ लिहिता आली नसती, असं माझं मत आहे.

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली आणि कायदेभंगात उडी घेतली. मग तुरुंगवास सुरू झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती आज आपल्याला वाचायला मिळतात कारण गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी स्वतःची गोष्ट लिहायला घेतली. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारची रात्र, ही सुरुवात. सोमवारी १३ तारखेला पहाटे हात थांबला. आज छापलेल्या बेचाळीस रात्रींतल्या बहुतेक या चार दिवसांत कागदावर उतरल्या. थोडक्या नंतर बाहेर आल्यावर लिहिल्या गेल्या आणि १९३५ मध्ये पुस्तक निघालं.

रचना साधी दिसते. एका आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. मुलांना वाचून दाखवताना मी हा भाग पूर्वी भरभर उरकत असे. हाच भाग महत्त्वाचा आहे हे मला फार उशिरा समजलं. कारण इथे श्याम दोन आहेत. एक चुकणारा आणि एक ती चूक चारचौघांत सांगणारा. सांगणाऱ्यानं कबूल केलं नसतं तर चुकणारा कुणाला दिसलाच नसता. तो काळही आठवावा. गांधीजींची आत्मकथा नुकतीच, १९२५ ते १९२९ या वर्षांत, ‘नवजीवन’मधून क्रमशः आली होती आणि तिच्यात पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरल्याची आणि वडिलांपुढे ती कबूल केल्याची हकिगत होती. गुरुजी त्याच वाटेचे वारकरी. आपली चूक लपवली तर सगळंच सांगणं खोटं पडतं, ही धारणा तेव्हा हवेत होती. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी आज एवढं तरी सांगितलं असतं.

आता त्या रात्रींची नावंच पाहा. ‘मोठा होण्यासाठी चोरी’. ‘तीर्थयात्रार्थ पलायन’. ‘अर्धनारी नटेश्वर’. एकेका नावात दोन उलट टोकं शेजारी बसवली आहेत. मोठं व्हायचं आहे, त्यासाठी पुस्तकं हवीत, पुस्तकांना पैसे हवेत, म्हणून पैसे उचलायचे. तेराव्या-चौदाव्या वर्षी डोक्यात चालणारं हे गणित मला माझ्या वर्गात शेकडो वेळा दिसलं आहे. प्रत्येक पायरी मुलाला बरोबर वाटते, फक्त उत्तर चुकीचं येतं. पळून जाण्याचंही तसंच. घरच्यांना न सांगता निघायचं, आणि नाव तीर्थयात्रेचं. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच देवाकडे जायचं असतं आणि खरोखरच घरातून निसटायचंही असतं. यांतल्या तिसऱ्या नावाच्या रात्रीत मुलानं बाईची म्हटलेली कामं करण्याची गोष्ट आहे, स्वयंपाकघरातली. पुरुषाच्या अंगात बाईचं मार्दव असावं, असं १९३३ साली एक माणूस तुरुंगात बसून मुलांना सांगत होता. माझ्या वर्गातली मुलं यावर खुदखुदत. मुली मात्र खाली मान घालून हसत नसत, त्या माझ्याकडे बघत.

पण मला सगळ्यात जवळची रात्र ती पोहण्याची.

कोकणात मुलगा पोहायला शिकतो तो विहिरीत. आमच्या गावातही तसंच. मिरगानंतर विहिरी काठोकाठ भरतात, पाणी हाताला लागतं. मग श्रावणाच्या आसपास कमरेला वाळका भोपळा बांधून पोरांना ढकलायचा कार्यक्रम सुरू होतो. शिकवणारे काके, मामे काठावर उभे असतात. माझ्या भावाला ढकललं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि त्याच्या किंकाळीनं मीच घराकडे पळत सुटले होते. पाण्यात पडायच्या आधी पायऱ्यांवर उभ्या मुलाच्या पोटात जे होतं, त्याला आमच्याकडे ‘गोळा येणं’ म्हणतात. ज्याला कधी गोळा आला नाही असा मुलगा मी पाहिलेला नाही. फरक इतकाच की काही जण तरीही उडी मारतात आणि काही जण घरात लपतात.

श्याम लपला. माळ्यावर जाऊन बसला. हा तोच श्याम, जो मुक्या कळ्या तोडू नयेत हे समजून घेतो, घरट्यातून पडलेल्या पिलासाठी जीव टाकतो. इतका कनवाळू मुलगा स्वतःच्या अंगावर पाणी यायचं म्हटल्यावर घाबरून बसतो. आई त्याला खाली ओढते, शिंपटीनं मारते, पुढे घालून विहिरीवर नेते. मारणारा हात आणि नंतर कुरवाळणारा हात एकच. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही.

या प्रसंगावर आजची काही आईवडील मंडळी आक्षेप घेतात. मारणं वाईटच, आणि मी वर्गात तसं स्पष्ट सांगत आले. तरी मला तिथे दुसरं काही दिसतं. माया करणारी आई कठोर आहे, हळवा मुलगा हट्टी आहे, आणि लेखक दोघांपैकी कुणाचीच बाजू लपवत नाही. भ्याडपणा हे त्याचं खरं रूप आणि कनवाळूपणा हा देखावा, असंही तो म्हणत नाही आणि उलटही म्हणत नाही. पत्रावळीची रात्र हिच्या शेजारी ठेवून वाचावी. घरच्या मुलांना स्वतःची पत्रावळ लावता आली पाहिजे, असा नियम. पानं जुळवायची, चोयांनी टाचायची, भात-आमटी धरेल इतकी घट्ट. श्यामला ते येत नसतं, आणि येत नाही हे मान्य करण्याऐवजी तो रागावतो. मी पत्रावळी लावल्या आहेत. पहिल्या दहा तरी गळक्याच होतात. बोटांना चोय टोचते, शेजारच्या बहिणीची मात्र गोल, देखणी होते. तेव्हा जो राग येतो तो पत्रावळीवरचा नसतो. श्याम नंतर मन लावून शिकतो, ते त्याच रागाच्या जोरावर, असं मला नेहमी वाटत आलं.

श्यामचा हा ताठा कुठून आला, हेही पाहायला हवं. लोकांच्या मनात श्याम म्हणजे गरीब ब्राह्मणाचा मुलगा, एवढंच उरलं आहे. तो खोताच्या घरातला होता. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा, कुळांवर हुकमत चालवणारा. कोकणातल्या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं आणि शेवटी १९४९ च्या कायद्यानं खोती रद्द झाली. श्यामचं घर त्याच्या कितीतरी आधी कर्जानं खचलं. म्हणजे हा मुलगा वाढला तो पडत्या वाड्याच्या सावलीत. घरात तेल आहे तर मीठ नाही, आणि बाहेर मात्र खोताचा मुलगा. एका रात्रीत त्यानं लग्नात वाटलेली दक्षिणा घेतली म्हणून आई खंतावते. आपण गृहस्थ, ती भिक्षुकानं घ्यायची. पैशाची इतकी ओढाताण असलेल्या घरात असे दोन पैसेही नको म्हणणारी ही आई. माझ्या माहेरच्या आळीत असं एक घर होतं. त्यांच्याकडे सणाला पुरण नसे, पण शेजाऱ्यानं दिलेलं ताट त्यांनी कधी रिकामं परत पाठवलं नाही, त्यात निदान दोन चाफ्याची फुलं तरी असत. त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात होता. वरवर उद्धट, आणि कुणी प्रेमानं विचारलं की डोळे भरून येणारा. श्याम वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्याचाच चेहरा येई.

आणि एक रात्र अशी आहे की जिच्याजवळ थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ‘देवाला सारी प्रिय’. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतली एक म्हातारी, तिची लाकडांची मोळी खाली पडलेली, आणि उचलून डोक्यावर द्यायला कुणी पुढे येत नाही. श्यामची आई त्याला पाठवते. जा, तिला हात दे. आणि त्याच दमात सांगते की मग घरी येऊन आंघोळ कर.

मी स्वतः शाळकरी असताना ही रात्र वाचली तेव्हा मला फक्त मोळी दिसली होती. शिक्षिका झाल्यावर एका मुलीनं मला आंघोळ दाखवली. ती मुलगी त्याच समाजातली होती. ती काही बोलली नाही, तिनं फक्त पुस्तकातल्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढून प्रत मला परत केली. त्या रेघेनं मला जितकं शिकवलं तितकं बीएडच्या वर्षानं शिकवलं नाही. दया आणि विटाळ एकाच वाक्यात, एकाच प्रेमळ तोंडातून. गुरुजींना ती आंघोळ गाळता आली असती. आईच्या स्मृतीवर एवढं प्रेम करणाऱ्या मुलाला आईचं हे वाक्य थोडं सुधारून लिहावंसं वाटलं नसेल का? त्यांनी ते लिहिलं. आणि मे १९४७ मध्ये हाच मुलगा, आता सत्तेचाळीस वर्षांचा, पंढरपूरला उपोषणाला बसला. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्याआधी तो महाराष्ट्रभर हिंडला होता. मंदिर खुलं करायचं ठरलं तेव्हाच त्यानं अन्न घेतलं. पालगडच्या त्या आंघोळीला दिलेलं हे उत्तर आहे असं मी मानते. हे कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. पण दोन्ही पानं शेजारी ठेवली की मला दुसरं काही दिसत नाही.

माळ्यावर लपलेला मुलगा प्राण पणाला लावणारा माणूस झाला आणि तरीही आयुष्यभर त्याच्या डोळ्यांत पाणी येत राहिलं. गुरुजींच्या रडण्याची पुढे चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांना वाटलं की रडणारा माणूस लेचापेचाच असणार. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेला, खानदेशात शेतकरी-कामगारांच्या पुढे चाललेला माणूस त्यांच्या त्या चित्रात बसत नव्हता, म्हणून त्यांनी तो अर्धा पुसून टाकला.

श्यामचंही तेच झालं, आणि त्यात माझ्यासारख्या शिक्षकांचा हात आहे.

११ जून १९५० ला गुरुजी गेले. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गावोगाव मुलांना गोष्टी सांगणारी माणसं तयार झाली. मीही कथामालेतच गोष्ट सांगायला शिकले, ते ऋण कधी फिटायचं नाही. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ चित्रपट आला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. पुस्तक घराघरांत गेलं. त्याबरोबर एक प्रथाही पडली. मुलाला बक्षीस द्यायचं तर ‘श्यामची आई’. मुंजीत तेच, चौथीची स्कॉलरशिप मिळाली तरी तेच. माझ्याकडे माझ्या सहावीतल्या बक्षिसाची प्रत आहे, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, आत गुरुजनांच्या वळणदार अक्षरात ‘आदर्श विद्यार्थिनी’ असं लिहिलेली. ज्या पुस्तकात चोरी, पळून जाणं, लपणं, राग, हट्ट हे सगळं भरलेलं आहे, ते मुलांच्या हाती पडलं तेच मुळी आदर्शाचा शिक्का बसून.

२४ डिसेंबरला कथाकथनाच्या स्पर्धा होत. मी कित्येक वर्षं परीक्षक होते. मुलं तीनच गोष्टी सांगत. अंघोळीनंतर पायाला घाण लागू नये म्हणून आईनं पदर पसरल्याची, कळ्यांची आणि मोळीची. मोळीच्या गोष्टीतून आंघोळ बहुतेक वेळा गळलेली असे. माळ्यावर लपलेला श्याम मी स्पर्धेत एकदाही ऐकला नाही. चोरीची रात्र तर लांबच. शिकवणाऱ्या बाईंनीच ती काढून टाकलेली असणार, जशी मी काढली होती. हळूहळू मुलांच्या भाषेत ‘श्याम’ हा शब्द चिडवायला वापरला जाऊ लागला. मधल्या सुट्टीत एखादा फार नीटनेटका वागला की दुसरे ओरडत, “श्याम आला, श्याम!” मला ते फार लागे. पुस्तक न वाचताच मुलं त्याच्यापासून दूर चालली होती, आणि दूर जाण्याजोगा गुळगुळीत श्याम त्यांना आम्ही दिला होता.

नंतरच्या लेखकांनी मात्र दोन्ही बाकांवर बसणारा मुलगा सोडला नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीहून पुण्यात आलेला काडीसारखा मुलगा, सगळ्या मुलांचा लाडका फास्टर फेणे. त्याच्या अंगात बळ नाही, पण तो संकटाच्या दिशेनं धावतो. वाचनालयात त्याची पुस्तकं कधी जागेवर नसत. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’मधून १९९४ मध्ये भेटला. आजी-आजोबांकडे वाढणारा, डोक्यात हजार गोष्टी आणि तोंडातून एकही शब्द नीट न निघणारा. संत भूगर्भशास्त्र शिकवत. मुलाच्या मनाचे थर त्यांनी इतक्या हलक्या हातानं उघडले आहेत की मला ते वाचताना त्यांच्या विषयाची आठवण येते. आणि २००४ मध्ये मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. नववीतला मुकुंद, बाहेर आणीबाणी, आत पहिलं प्रेम. मित्रांत टगेपणा करणारा आणि एका मुलीपुढे पार विरघळणारा.

‘शाळा’वर चित्रपट करणाऱ्या सुजय डहाके यांनीच २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा केला, कृष्णधवल. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. मुकुंदकडून श्यामकडे जाणारा रस्ता आहे, हे कुणाला तरी दिसलं. आमच्या वर्गात तो रस्ता मी फळ्यावर काढून दाखवत असे, श्याम ते मुकुंद.

त्या रस्त्यावर मुलगी नाही, हे मला फळ्यापुढे उभं राहिल्यावर दरवर्षी खुपत असे. ताम्हनकरांची चिंगी आहे, ती मी आवर्जून वाचायची. पण चोरी करावी, पळून जावं, माळ्यावर लपावं, आणि तरी गोष्ट तिचीच असावी, अशी मुलगी मराठीनं तेरा-चौदा वर्षांच्या वाचकांना अजून मनाजोगी दिलेली नाही. श्यामच्या गोष्टीत त्याची बहीण अक्का आहे, तिला पत्रावळ उत्तम लावता येते. तिला ती लावायचा कधी कंटाळा आला का, हे कुणी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मुलांना वाचून दाखवते. दहा-बारा मुलं येतात, कधी चारच. यंदा पावसाळ्यात मी पुन्हा ‘श्यामची आई’ काढलं, तीच खाकी कव्हरातली प्रत. पण पहिल्या रात्रीपासून सुरुवात केली नाही. सरळ ‘मोठा होण्यासाठी चोरी’ उघडली आणि वाचली, एकही ओळ न गाळता. श्याम कोण, त्याची आई कोण, काहीच आधी सांगितलं नाही.

वाचून झालं तेव्हा दिवे गेले होते. मुलं हलली नाहीत. सातवीतली एक मुलगी, दर शनिवारी दाराजवळ चप्पल घालूनच बसणारी, म्हणाली, “बाई, तो आणखी काय काय करतो?”

मी मोबाइलचा उजेड पुस्तकावर धरला आणि पोहण्याची रात्र काढली.